माडीवरच्या मोडेमला खालचा राउटर कसा जोडावा

सांगलीच्या गावभागात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि आमच्या घरात विजेवर चालणारं, उचलता येणारं सगळं माडीवर गेलं. पुढं मिक्सर खाली आला, मोडेम वरच राहिला. खाली आईच्या फोनवर कीर्तन लागेना. "नुसतं गोल फिरतंय रे," हे तिचं रोजचं.

मधे लोखंडी सळ्यांचा स्लॅब आहे. त्यातून वायफाय गळून जातं, ५ गिगाहर्ट्‌झचं तर फारच. भिंतीतल्या प्लगला लावायचा रिपीटर मी आधी आणला होता. पण रिपीटर मुळात जेवढं पकडतो तेवढंच पुढं देणार, आणि साध्या रिपीटरमध्ये घेण्या-देण्यात वेग निम्म्यावर येतो. खात्रीचा उपाय एकच: वरून खाली वायर ओढायची आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर लावायचा. कपाटात पडलेला जुना राउटरही चालतो.

नेटची वायर (लॅन केबल) कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची घ्या, आतून शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. १०० मीटरपर्यंत काळजी नाही, आणि घरात तेवढी लागतही नाही. जिन्याच्या कडेनं न्या, पण लाइटच्या वायरींच्या पाइपात घुसवू नका. दोन्ही टोकांना जॅक दुकानदाराकडून क्रिम्प करून (दाबून बसवून) घ्या. आतल्या ८ तारा नीट बसल्या नाहीत तर नेट चालतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं, आणि माणूस उगाच राउटरला शिव्या घालत बसतो.

आता खरं काम. दुसरा राउटर लगेच मोडेमला जोडायची घाई करू नका. मी केली होती. त्याच्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात (बाहेरून येणारं नेट जोडायचं भोक) वायर खुपसली, नेट सुरू झालं, मी खूश. संध्याकाळी मुलीला खालून वरचा प्रिंटर सापडेना. कारण तसं जोडलं की खालचा राउटर आपलं वेगळं नेटवर्क थाटतो. एका घरात दोन चुली. आपल्याला चूल एकच हवी: फोन-प्रिंटरला नेटवर्कवरचे पत्ते (१९२.१६८ असे सुरू होणारे आकडे) वाटायचे मोडेमनं, खालच्यानं फक्त वायफाय द्यायचं.

पहिल्यांदा मोडेमचा पत्ता बघा. फोनमध्ये वायफायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकून मोडेमच्या पानावर जा आणि डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो तेही पाहा. शेवटचा आकडा २ पासून सुरू होत असेल तर सुरुवात १० वर न्या, म्हणजे मधले पत्ते आपल्याला मोकळे राहतात.

मग जुना राउटर चालू ठेवून मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरा, म्हणजे आधीच्या सेटिंग पुसल्या जातील. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो राउटरच्या लॅन पोर्टाला (घरातली उपकरणं जोडायचं भोक) वायरीनं जोडा. तळाच्या लेबलवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं पान उघडतं. तिथं 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' (राउटरनं पत्ते न वाटता फक्त वायफाय द्यायची सोय) दिसला तर नशीब काढलंत. तो निवडा, वायफायचं नाव-पासवर्ड भरा आणि थेट वायर जोडा. कुठल्या पोर्टात ते त्याच पानावर लिहिलेलं असतं.

तो मोड नसेल तर क्रम पाळा. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्या पुढची. मग अ‍ॅडमिनचा म्हणजे राउटरच्या सेटिंगचं पान उघडायचा पासवर्ड बदला. मग लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद करा. हे सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणी उरत नाही आणि पान उघडेनासं होतं. आता वायरीचं एक टोक मोडेमच्या लॅनमध्ये, दुसरं खालच्याच्या लॅनमध्ये. वॅन पोर्ट रिकामा. आणि दोघांमध्ये वायर एकच. दुसरी जोडलीत तर माहिती गोल फिरत राहते आणि घरभर नेट बसतं.

नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवले की जिना उतरताना फोन आपोआप खालच्याला चिकटतो. काही फोन वरचंच धरून बसतात. तेव्हा वायफाय एकदा बंद-चालू करायचं. २.४ गिगाहर्ट्‌झचं चॅनल वर १ असेल तर खाली ६ किंवा ११ ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत.

तपासणी सोपी आहे. खालच्या फोनवर गेटवे १९२.१६८.१.१ दिसला की झालं. १९२.१६८.१.२ दिसला तर खालच्याचा डीएचसीपी अजून चालूच आहे. फोनला पत्ताच मिळत नसेल तर वायर किंवा जॅक बघा.

वॅनमध्ये जोडायची पद्धत मात्र टाकाऊ नाही. खोली भाड्यानं दिली असेल आणि भाडेकरूला नेट द्यायचंय, पण आपला प्रिंटर दिसू द्यायचा नाही, तर दोन चुलीच बऱ्या. पण ती आडभिंत एकाच बाजूनं आहे: वॅनमागच्या माणसाला पुढच्या नेटवर्कातलं उपकरण आपोआप सापडलं नाही तरी त्याचा पत्ता टाकून गाठता येतं. म्हणून आपली उपकरणं मागच्या राउटरवर आणि भाडेकरू पुढच्या मोडेमवर, असं ठेवा.

अ‍ॅडॉप्टर अदलाबदल करू नका. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावून आमच्याकडे एक गेलाय. आणि खालचा राउटर टेबलावर न ठेवता दाराच्या चौकटीवर टांगा, वायरीचं दीड-दोन मीटरचं वेटोळं तिथंच सोडा. आयर्विनला ४० झालं की प्लग काढून सगळं जिन्यावर नेता येतं.