होडी ओढणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीला ऑईल कुलर बसवताना या चुका टाळा

मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते. त्याआधी होडी ट्रेलरवर चढवून इंजिनाच्या कामाला मालवणहून कोल्हापूरला न्यायची, हा माझा दरवर्षीचा उद्योग. एका वर्षी फोंडा घाटात अर्ध्यावर करपट वास आला. बॉनेट उघडलं तर बंपरच्या आत लाल तेलाचा ओघळ. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणारा कुलर नवाकोरा होता, पण बसवणाऱ्याने गिअर ऑईलला साधा डिझेलचा पाईप जोडला होता. गरम ऑईलने तो पावासारखा फुगला आणि क्लॅम्पखालून सुटला. पाईप ट्रान्समिशन ऑईलचाच हवा. दुकानदार 'चालतंय हो' म्हणाला तरी घेऊ नका.

याहून मोठी चूक जोडणीची. नवा कुलर रेडिएटरमधून गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या लाइनवर बसवा, म्हणजे ऑईल आधी रेडिएटरमध्ये निवेल, मग कुलरमध्ये. कोणती लाइन परतीची, हे अंदाजाने ठरवू नका. थोडी गाडी फिरवून दोन्ही लाइनचं तापमान मोजा, जास्त तापलेली गिअरबॉक्सकडून येणारी. 'रेडिएटर बायपासच करा', म्हणजे ऑईल थेट कुलरलाच न्या, हा सल्ला आमच्याकडे सर्रास मिळतो. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी रांगते तेव्हा समोरून वारा कुठून येणार? उष्णता तर तेव्हाच सर्वात जास्त, कारण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) घसरत असतो. रेडिएटरमधला कूलंट मात्र वाऱ्याविनाही ऑईलची उष्णता ओढतो. ऑईल गुलाबी दुधासारखं दिसू लागलं तर रेडिएटर आतून फुटलाय, तेव्हा गाडी जागेवरच थांबवा.

चढाला डीमध्ये (ड्राइव्ह) ठेवून गिअर सारखा वरखाली होऊ देऊ नका, मॅन्युअलमध्ये खालचा गिअर धरा. ऑईल १२० अंशांच्या वर गेलं की झपाट्याने करपतं. गेज लावणार असाल तर सेन्सर कुलरच्या आधी लावा, कुलरमागचा आकडा उगाच दिलासा देतो.

कुलर एसीच्या कंडेन्सरपुढे बसवा, पण कुलरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिक पट्ट्यांनी नको, कंपनाने त्या पत्रा कापतात. आणि होडी पाण्यात सोडायच्या रॅम्पवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. खारट वाऱ्यात ॲल्युमिनियमवर बुरशीसारखा पांढरा गंज धरतो. मात्र प्रेशर जेट लांबूनच मारा, फिन्स (कुलरच्या पातळ पत्र्या) एकदा वाकल्या की सुईने सरळ करत बसावं लागतं. मी बसलोय, दोन दुपारी.

शेवटी ऑईलची पातळी. नवा कुलर आणि पाईप थोडं ऑईल पितात. बहुतेक गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवून, कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच बघा. थंड गाडीत बघून वर भरलेलं ऑईल फेसाळतं आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) बाहेर येतं.