ओबीच्या ढिगाखाली गाव असेल तर पहिला अर्धा तास तुमचा तुम्हालाच काढायचाय

आमच्या वणी-घुग्गुस पट्ट्यात ओबी म्हटलं की लहान पोरालाही कळतं, कोळशाच्या वरची माती-दगड काढून बाजूला रचलेले डोंगर. आणि धातूच्या खाणीत खनिज धुतल्यावर जो पातळ गाळ उरतो ना, तो बंधारा घालून अडवतात, त्याला टेलिंग म्हणतात. दोन्ही सरकतात, आणि भिजलेला ढीग कधीकधी गाळासारखाच धावत सुटतो.

२५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला असा बंधारा फुटला. वेळ जेवणाची, खाणीचं कँटीन अगदी खालीच, सायरन वाजलाच नाही, २७० माणसं गेली. आणि बंधारा मजबूत आहे असा दाखला काही महिन्यांपूर्वीच मिळालेला! त्यांच्याकडे एक हिशोब असतो, बंधाऱ्याखालचे १० किलोमीटर किंवा लोंढा अर्ध्या तासात पोचेल तेवढं अंतर, यातलं जे जास्त असेल तो पट्टा 'स्वतःच स्वतःला वाचवा' वाला. कारण तेवढ्या वेळात मदत पोचतच नाही. आपणही प्लॅन तिथूनच सुरू करायचा, एनडीआरएफची गाडी नंतरची गोष्ट.

आधी नाल्यानाल्याने पायी फिरा, मोबाईलवरचा नकाशा बघून भागत नाही. सोबत एखादा जुना गुराखी घ्या, खाणीसाठी नाला वळवला असेल तर जुनं पात्र त्यालाच माहीत असतं. आणि म्हाताऱ्या बायांना विचारा की ढीग पडायच्या आधी तिथं पाणी भरायला जायच्या का. हे मुद्दाम सांगतोय, कारण वेल्समधल्या अबरफॅनला कोळसा खाणीचा ढीग झऱ्यांवरच रचला होता, २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी सव्वानऊला तो शाळेवर आला, १४४ मेले, त्यात ११६ पोरं. झरा होता हे गावाला माहीत होतं हो.

मग ढिगावर नजर ठेवा. वर भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोका आणि मधलं अंतर टेपने मोजून वहीत तारखेसकट लिहा, पावसाळ्यात रोज. पण भेग रुंद असेल, कडा खचत असेल तर वर चढूच नका, लांबूनच फोटो काढा. पायथ्याशी जमीन फुगली, विजेचे खांब-झाडं कलली, किंवा पायथ्यातून झिरपणारं नितळ पाणी एकदम गढूळ झालं तर अंतर मोजत बसू नका, सरळ गाव हलवा. खोटा अलार्म निघाला तर निघाला, लोक हसतील दोन दिवस.

पळायची दिशा एकच, लोंढ्याला आडवी आणि चढाची. नाल्याच्या काठाने पळायचं नाही, पुलावरून पलीकडे जायचं नाही, गाडी काढायला परत फिरायचं नाही, ढोरांची दावी सोडता आली तर सोडा नाहीतर राहू द्या. हे सोपं वाटतं, पण मी एका मॉक ड्रिलला गेलो होतो तिथं सगळ्यांना जमवलं कुठं, तर नाल्याच्या काठच्या शाळेच्या मैदानात! म्हणजे लोंढा येणार बरोबर तिथंच. फोटो झाले, आलूबोंडे खाल्ले, झालं ड्रिल. तेव्हा जमायची जागा स्वतः चालून बघा, एकदा रात्री, लाईट बंद करून, सोबत सगळ्यात हळू चालणारी आजी घेऊन. तिला जेवढी मिनिटं लागली तीच तुमच्या गावाची वेळ.

ज्यांना चालता येत नाही त्यांची यादी करा, प्रत्येकासमोर दोन नावं, एकच नको, कारण तो एक नेमका बाजाराला गेलेला असतो. निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका, टॉवर गेला की संपलं. मंदिर, विहार, मशीद यांचे भोंगे, शाळेची घंटा, जे असेल ते, पण धोक्याचा आवाज एकच ठरवा आणि तो दुसऱ्या कशाला वापरू नका. ११२ आणि जिल्ह्याचा १०७७ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा.

खाणीकडून काय मागायचं? ग्रामसभेत ठराव घ्या आणि लेखी विचारा, ढिगाची उंची किती, तो सुटला तर कुठवर येईल, सायरनचं बटण कोण दाबतो आणि रात्रपाळीला तो असतो का. ढीग ३० मीटरच्या वर गेला तर पायऱ्या पाडाव्या लागतात, तेवढं तर रस्त्यावरूनही दिसतं. उत्तर नाही आलं तर पत्राची प्रत कलेक्टर ऑफिसला आणि डीजीएमएसला, म्हणजे खाणींच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या ऑफिसला पाठवा. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टरच असतात.

लोंढा एकदा आला म्हणजे झालं असं समजून खाली उतरू नका. इटलीत स्टाव्हाला १९८५ साली वरचा बंधारा फुटून खालच्यावर पडला, तोही गेला, २६८ मेले. वरून सुकलेला दिसणारा गाळ आत ओलाच असतो, पाय रुततो. विहिरीचं पाणी तपासणी होईपर्यंत प्यायचं नाही, ढोरांनाही पाजायचं नाही. शेतातल्या थराचे फोटो काढून ठेवा, तलाठ्याच्या पंचनाम्याच्या वेळी काठी रोवून त्यावर टेप धरा, नाहीतर कागदावर 'किरकोळ' लिहून मोकळे होतात.

ड्रिल मृग लागायच्या आधीच उरका, नंतर पेरणीच्या घाईत कोणी येत नाही.