जुने दुखणे आणि रात्रीची कॅज्युअल्टी : धोका ओळखून खर्च कसा आवरावा

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर उभ्याने पाळी करणाऱ्यांना आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या महिलांना ती नवी नाही. दिवसभर सोसलेली कंबर रात्री असह्य झाली की रिक्षा करून कॅज्युअल्टी, म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग, गाठली जाते. सुई मिळते, काही तास बरे वाटते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तोच एक्स-रे, त्याच रक्ततपासण्या आणि तेवढेच बिल. यात तेथील डॉक्टरांना दोष देता येत नाही, कारण जीवाला धोका आहे का हे पाहणे हे त्यांचे पहिले काम असते आणि रुग्णाचा जुना इतिहास त्यांच्यापुढे नसतो.

म्हणून आधी धोका ओळखावा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली, ताप आला, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले किंवा पूर्वी कर्करोग झालेला असला, तर पैशाचा विचार न करता तत्काळ जावे. छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक उठलेली अतितीव्र डोकेदुखी यांनाही हेच लागू. अशा वेळी १०८ ची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. ‘नेहमीचेच आहे’ असे घरच्यांनी म्हटले, तरी दुखण्याचे स्वरूप बदलले असेल तर थांबू नये.

ओळखीचे दुखणे ओळखीच्याच पद्धतीने उसळले, तर त्याची तयारी दिवसा झालेली असावी. शक्यतो एकच डॉक्टर धरावा, सिव्हिलची सकाळची ओपीडी असली तरी चालेल, आणि दुखणे वाढल्यास कोणती गोळी, किती, किती दिवस घ्यायची आणि केव्हा परत यायचे हे त्यांच्याकडून केसपेपरवरच लिहून घ्यावे. शेक आणि झेपेल तेवढी हालचाल बहुधा उपयोगी पडते. आठवडाभर अंथरुणाला खिळून राहिल्याने कंबर उलट आखडते.

औषधाच्या दुकानातून मागून घेतलेल्या गोळ्यांनी मात्र खर्च वाढतो, असा माझा स्पष्ट समज आहे. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल एकच असू शकते. प्रौढाने सर्व मिळून दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि यकृताचा आजार किंवा दारूची सवय असल्यास ती आणखी कमी असते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठराला व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो; मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी त्या स्वतःहून घेऊच नयेत.

तरीही कॅज्युअल्टीत जावे लागले, तर एक्स-रे, एमआरआयचे अहवाल, चालू गोळ्यांची पाकिटे आणि ॲलर्जीची नोंद एकाच पिशवीत न्यावी आणि ‘या तपासणीने उपचार बदलणार आहे का’ असे नम्रपणे विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ठरावीक उपचारांसाठी, मुख्यतः दाखल रुग्णांना लागू होते. रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यात बसेल असे धरून चालू नये. कारखान्यातून ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात होत असेल, तर ओपीडी आणि औषधे कुटुंबालाही मिळतात, म्हणून त्या कार्डावर घरातल्या सर्वांची नावे आहेत का ते आजच पाहावे. इतरांनी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतील दुकानात, चौकशी करावी.