ट्रक नाक्यावर अडवायच्या आधी मागची बाजू बघा

उपकरणांच्या दोषापायी होणारं चलान ट्रकच्या मागच्या बाजूमुळेही होऊ शकतं. टेल लाइट बंद, इंडिकेटर फुटलेला, नंबर प्लेट चिखलाने माखलेली. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल लागते. ती असतेही, पण ताडपत्रीचं टोक फाळक्यावर लोंबत राहतं आणि नेमकी लाल पट्टीच झाकली जाते. रात्री घाटात बंद पडलेला असा ट्रक मागच्या दुचाकीवाल्याला दिसतच नाही, आणि मला दंडापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते. म्हणून गाडी भरल्यावर दोरी आवळून ताडपत्री आत खोचा, ओल्या फडक्याने टेप आणि दिवे पुसा, क्लीनरला मागे उभं करून ब्रेक दाबून बघा. जादा बल्ब आणि फ्यूज केबिनमध्ये असू द्या.

तरी अडवलंच, तर गाडी कडेला घ्या, हुज्जत घालू नका. दोष कोणता आणि कलम कोणतं, ते शांतपणे विचारा. कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये दाखवली तरी कायद्याने चालतात. बल्ब तिथेच बदलता आला तर बदला, फोटो काढा. चलान झालं तर त्यावरचा गाडी नंबर, ठिकाण, वेळ आणि फोटो नीट तपासा. चूक आढळली तर पैसे भरण्याआधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. दोष खरा असेल, तर पुढच्या खेपेआधी दुरुस्ती करून गॅरेजची पावती गाडीतच ठेवा.