वर जाण्याआधी घरी काय काय सांगून ठेवायचं

पहिल्यांदाच हिवाळ्यात लडाखला वर पोस्टवर चाललेल्या फौजेतल्या पोरांसाठी हे लिहितोय. मोजे, बाम, सुकामेवा यांचं सांगत नाही, ते युनिट आणि आई मिळून भरतात. घराशी बोलणं चालू कसं ठेवायचं, तेवढंच. यातलं निम्मं काम सुट्टीवर असतानाच उरकायचं. जोजिलाची खिंड बर्फाने बंद झाल्यावर अक्कल येऊन उपयोग नाही.

सगळ्यात आधी घरी सांग, अनोळखी नंबर उचलायचा. बायकोला सांग, आईला सांग, दिवसभर मोबाइल ज्याच्या हातात असतो त्या पोरालाही सांग. पोस्टवरच्या सॅटेलाइट फोनवरून लावलं की घरी तुझं नाव दिसत नाही, भलताच आकडा दिसतो. हल्ली असला आकडा दिसला की माणसं कापतातच. माझी पाळी आली तेव्हा हिने लोनवाला समजून कापला, परत लावला तर ब्लॉक. मागे रांग, "चलो भाई, अगला" झालं. मग हवामान बिघडलं आणि पुढची पाळी लांबली ती लांबलीच. म्हणून नुसतं सांगून सुटू नको. घरातला प्रत्येक फोन हातात घे, स्पॅम अडवणारं ॲप आणि अनोळखी कॉल गप्प करणारी सेटिंग स्वतः बंद कर.

उचलल्यावरही एक गोम आहे. आवाज 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहाला वळसा घालून येतो, त्यामुळे पलीकडून उत्तर यायला क्षणभर उशीर लागतो. घरची माणसं "हॅलो, हॅलो" करतात आणि ठेवून देतात. एकाने बोलायचं, थांबायचं, मग दुसऱ्याने. जाण्याआधी एकदा तसं बोलून दाखव. हसतील, हसू दे.

आणि उचलायचा म्हणजे बडबडायचं नाही. तुझा आवाज ओळखू आल्याशिवाय कोणी काही सांगायचं नाही. "तुमच्या मिस्टरांचा मित्र बोलतोय, सध्या कुठे आहेत?" असं गोड बोलणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवायचा. तूही फोनवर जागेचं नाव घेऊ नको, फोटो पाठवू नको.

नंबर पाठ कर. बायकोचा तरी. नाहीतर कागदावर पेन्सिलीने लिहून पाकिटात ठेव, थंडीत पेन दगा देतं. सगळे नंबर मोबाइलमध्ये आणि मोबाइल थंडीने मेलेला, मग सॅटेलाइट फोन हातात धरून काय करणार? मोबाइल आतल्या खिशात अंगाशी ठेव. गारठलेला तसाच चार्जिंगला लावू नको, बॅटरी कायमची जाते. बुखारीवर, म्हणजे तिथल्या शेगडीवर, तर मुळीच ठेवू नको.

सिम: महाराष्ट्रातलं प्रीपेड तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं. 2025 पासून सियाचीनवरही फोर-जी पोचलंय हे खरं, पण प्रत्येक पोस्टला टॉवर नसतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नको. आणि हो, सॅटेलाइट फोनवर ओटीपी येत नाही. खातं जॉइंट कर, बायकोचं एटीएम कार्ड चालतंय का ते बघ. शाळेची फी तुझ्या रेंजसाठी थांबत नाही.

पत्र जुनं वाटेल, पण रात्री परत वाचता येतं. पत्ता ठळक लिहून घरी कॅलेंडरच्या मागे चिकटव: फौजी नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत 56 एपीओ (फौजेचं टपाल ऑफिस). गावाचं, खोऱ्याचं नाव नको. प्रत्येक पत्रावर क्रमांक टाकायला सांग, कारण हेलिकॉप्टर आलं की गठ्ठाच येतो आणि आजी बरी झाल्याचं आधी कळतं, आजारी पडल्याचं नंतर.

"दर रविवारी फोन करतो" असलं वचन देऊ नको. एक रविवार चुकला की घरात चूल पेटत नाही. येईल तेव्हा येईल, फोन नाही म्हणजे लाइन नाही, एवढंच सांग. घरी काही झालं तर? पूर्वी तार यायची, ती 2013 च्या जुलैत बंद झाली. आता युनिटच्या खालच्या ऑफिसचा नंबर आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर दोन्ही घरी लिहून दे.

बोलायचं काय तेही ठरवून ठेव, मिनिटं थोडी असतात. बाकी तुझं तू बघ.

खाली उतरलास की आधी फोन, मग आंघोळ. तोही नवीनच नंबरावरून जाईल बहुतेक. घरच्यांनी उचलायला हवा ना? मग निघायच्या दिवशी एस.टी. स्टँडवर परत एकदा सांग: अनोळखी नंबर उचला.