मोती गुरगुरायला लागला तेव्हा

दीड वर्षाचा आमचा लॅब्राडोर जुलैत एकाएकी बदलला. पट्टा घालायला हात पुढे केला की गुरगुर. ‘वयात आलाय, माज चढलाय,’ सगळे म्हणाले. मीही दोनदा ओरडलो. आता त्याची लाज वाटते. मग लक्षात आलं, तो सारखं डोकं झटकतोय आणि उजव्या कानाला आंबूस वास येतोय. लोंबत्या कानांत पावसाळी ओल राहिली की बुरशी वाढते. डॉक्टरांनी कान साफ करून १४ दिवस थेंब दिले. दुखणं थांबलं, हाताची धास्ती मात्र राहिलीच. म्हणून पट्टा नुसता दाखवायचा, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. मग मानेला टेकवायचा, पुन्हा तुकडा. गुरगुरला तर रागवायचं नाही, मागे सरकायचं. तीन आठवडे लागले. आता पट्टा वाजला की मान स्वतःच पुढे करतो, अर्थात चिकनच्या आशेनं.