केमेमलीकच्या खोट्या इशाऱ्यांवर तोडगा

लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) ड्रायव्हर तपासताना केमेमलीक हे कर्नलमधलंच टूल मेमरीची गळती, म्हणजे घेतलेली पण परत न केलेली मेमरी, दाखवतं, पण यादीत बूटच्या वेळचे जुने संशयितही असतात. आपली गळती कोणती, हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

१. रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन डीबगएफएसमधल्या (कर्नलची डीबगिंगची माहिती फाईलींच्या रूपात दाखवणारी फाईल सिस्टीम) केमेमलीक फाईलमध्ये 'क्लिअर' लिहा. जुनी यादी बाजूला पडते.
२. ड्रायव्हर लोड करा, चाचणी चालवा, अनलोड करा.
३. दहा सेकंद थांबा. पाच सेकंदांहून ताजं मेमरीचं वाटप हे टूल दाखवतच नाही, त्यामुळे घाई केली तर खरी गळतीही निसटते.
४. त्याच फाईलमध्ये 'स्कॅन' लिहा, थोड्या वेळाने पुन्हा लिहा, मग फाईल वाचा. दुसऱ्या स्कॅननंतरही टिकलेल्या नोंदीच आधी तपासा. माझा बराचसा गोंधळ या एकाच सवयीने मिटला.

इशारा खोटाच आहे अशी खात्री झाली, तर कोडमध्ये त्या मेमरीच्या पॉइंटरवर (पत्त्यावर) 'केमेमलीक_नॉट_लीक' लावा. तिथे 'केमेमलीक_इग्नोर' नको: तो मेमरीचा ब्लॉक मग स्कॅनच होत नाही, म्हणजे त्यात कोणते पत्ते आहेत हे पाहिलंच जात नाही, आणि फक्त त्याच्यातूनच पोचता येणारी मेमरी गळती म्हणून दिसू लागते.